केसपेपरची भाषा: वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाची मुलं-मुली वॉर्डात येतात तेव्हा खिशाला पेन असतं, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ असतं आणि पोटात गोळा आलेला असतो. इन्चार्ज सिस्टर एक केसपेपर हातात देतात. त्यावर लिहिलेलं असतं: 'सीओ चेस्ट पेन, एक दिवस. केसीओ डीएम, एचटीएन. ओई पल्स ९६, बीपी १५०/९०. ॲडव्हाइस: ईसीजी स्टॅट, एनबीएम, आयव्ही एनएस.' बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला यातलं 'चेस्ट पेन' तेवढं कळतं. माझंही तसंच झालं होतं. आता वॉर्डात बावीस वर्षं झाली. दर वर्षी नवी बॅच येते आणि पहिल्या आठवड्यात मी त्यांना जे शिकवते, ते इथे लिहून ठेवते आहे.

सुरुवातीलाच सांगते, शॉर्टफॉर्मची यादी घेऊन पाठ करायला बसू नका. प्रत्येक शॉर्टफॉर्म म्हणजे घडी घातलेलं एक वाक्य आहे. ती घडी उलगडून ते वाक्य मराठीत, रुग्णाला कळेल असं, तोंडाने म्हणता आलं की तो शॉर्टफॉर्म तुम्हाला आला.

पहिली पायरी: कागद कसा लिहिला जातो ते पाहा

केसपेपरला एक ठरलेला क्रम असतो आणि त्या क्रमातच अर्धा अर्थ असतो. 'सीओ' म्हणजे कम्प्लेन्ट्स ऑफ, रुग्ण स्वतः काय सांगतो ते. 'एचओ' म्हणजे हिस्टरी ऑफ, पूर्वी काय घडलं ते: ऑपरेशन, पडणं, ॲलर्जी. 'केसीओ' म्हणजे नोन केस ऑफ, आधीपासून माहीत असलेला आजार. डीएम हा मधुमेह आणि एचटीएन हा उच्च रक्तदाब. 'ओई' म्हणजे ऑन एक्झामिनेशन, डॉक्टरांनी तपासून जे पाहिलं ते.

म्हणजे वाचताना दर ओळीला विचारायचं, हे कोण बोलतंय? 'सीओ फीव्हर' असेल तर ताप आल्याचं रुग्ण सांगतोय. 'ओई अफेब्राइल' असेल तर तपासताना ताप नव्हता. दोन्ही एकाच कागदावर असू शकतं आणि दोन्ही खरं असू शकतं. नव्या मुली इथे गोंधळतात आणि 'डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय का' असं मला विचारतात.

त्यानंतर शरीराचा एकेक भाग येतो. सीव्हीएस हृदय आणि रक्ताभिसरण, आरएस श्वसन, पीए पोटावर हात ठेवून केलेली तपासणी, सीएनएस मेंदू आणि मज्जासंस्था. आरएसच्या पुढे 'एईबीई' दिसेल, म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जाते आहे. 'एनएडी' दिसलं तर काही दोष आढळला नाही. आणि पॅलर, इक्टरस, सायनोसिस, क्लबिंग, एडिमा हे पाच शब्द रोज भेटतील: फिकेपणा, कावीळ, निळेपणा, बोटांची टोकं फुगणं, सूज. हे पाच तुम्हीही रुग्णाला चहा देताना, कुशीवर वळवताना बघू शकता. पुस्तकात वाचलेला सायनोसिस आणि ओठांवर दिसलेला निळेपणा यांची गाठ एकदा पडली की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

दुसरी पायरी: शब्द फोडायला शिका

मोठमोठे शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना हे अवघड जाईल असं सगळे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, कारण संधी-समास शाळेतच शिकून आलेल्यांना शब्द फोडायची सवय असते. शिवाय ग्रीक आणि संस्कृत या लांबच्या बहिणी. ग्रीकमधला 'अ' किंवा 'अन' हा आपल्या अशक्त, अनिच्छा यांतलाच नकार आहे. एनिमिया म्हणजे रक्त नसणं, कमी असणं. अनुरिया म्हणजे लघवी न होणं. एप्निया म्हणजे श्वास थांबणं. ग्रीकमधला 'डिस' हा आपला 'दुस्', दुष्करमधला. डिस्निया म्हणजे श्वास घेणं दुष्कर होणं, आपल्या भाषेत धाप. डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास आणि आग, ज्याला गावाकडे उन्हाळी लागणं म्हणतात.

हायपर म्हणजे अति, हायपो म्हणजे कमी. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. शेवटी 'आयटिस' आलं की दाह: गॅस्ट्रायटिस जठराचा, हेपटायटिस यकृताचा, आर्थ्रायटिस सांध्याचा. शेवटी 'इमिया' असेल तर गोष्ट रक्तातली, 'युरिया' असेल तर लघवीतली. ऑपरेशनच्या शब्दांत तीन शेपट्या लक्षात ठेवा. 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, जसं अपेन्डिसेक्टमी. 'ऑटमी' म्हणजे कापून उघडणं, जसं पोट उघडणारी लॅपरोटमी. 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर तोंड करून ठेवणं, जसं कोलोस्टमी, जिथे आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं असतं. ऑस्टमीच्या रुग्णाला पुढे रोज त्या तोंडाची निगा लागते, म्हणून ही शेपटी नर्ससाठी फार महत्त्वाची.

तोंडी बोलण्यात हायपो आणि हायपर कानाला सारखे लागतात. हायपोग्लायसेमियात साखर उतरलेली असते आणि लगेच ग्लुकोज द्यावं लागतं, हायपरग्लायसेमियात ती चढलेली असते. फोनवर कळवताना म्हणून मी शब्दाबरोबर आकडाही सांगायला लावते: "साखर कमी आहे, ५२." मग ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. तसंच डिस्फेजिया गिळण्याचा त्रास आणि डिस्फेझिया बोलण्याचा. पॅरालिसिसच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, पण पहिला असेल तर त्याला पाणी पाजायच्या आधी विचारायला हवं, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जाईल.

तिसरी पायरी: ट्रीटमेंट शीट

औषधांच्या वेळा जुन्या लॅटिनमधून आल्या आहेत. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. बीबीएफ, हे मात्र इंग्रजी, नाश्त्याआधी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर १-०-१ असंही असतं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

बीडीचा अर्थ 'दोनदा' एवढाच धरून चालत नाही. अँटिबायोटिक बीडी असेल तर दोन डोसांत साधारण बारा तासांचं अंतर हवं. सकाळी दहाला आणि दुपारी चारला देऊन 'दोनदा दिलं' म्हणता येणार नाही. तुमच्या वॉर्डात बीडी आणि टीडीएसच्या वेळा कोणत्या ठरल्या आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण त्या हॉस्पिटलप्रमाणे बदलतात.

स्टॅट आणि एसओएस यांत सगळ्यात जास्त गल्लत होते. स्टॅट म्हणजे आत्ता, ताबडतोब, एकच डोस. एसओएस म्हणजे गरज पडली तर. 'पीसीएम ५०० एसओएस' लिहिलं असेल तर पॅरासिटामॉल केव्हा द्यायची हे तुम्हाला रुग्ण बघून ठरवावं लागेल. म्हणून डॉक्टरांना तिथेच विचारायचं, किती ताप असेल तर, आणि दोन डोसांत किती तासांचं अंतर? हे विचारताना संकोच करू नका. राउंडला रजिस्ट्रार डॉक्टर घाईत असतात, पण या प्रश्नावर कोणी चिडलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

मार्ग कोणता तेही अक्षरांतच असतं. पीओ तोंडाने, आयव्ही शिरेतून, आयएम स्नायूत, एससी त्वचेखाली, आयडी त्वचेच्या थरात, जशी बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजी. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. हे नातेवाइकांना शब्दशः सांगा. "उपाशी ठेवा" म्हटलं तर आपल्याकडे उपवासाला चहा आणि साबुदाण्याची खिचडी चालते. ऑपरेशनच्या सकाळी सासूने प्रेमाने दिलेल्या कपभर दुधामुळे यादीतून नाव मागे पडलेले रुग्ण मी अनेक पाहिलेत.

रोजच्या राउंडनंतर 'सीएसटी' दिसेल, म्हणजे चालू उपचार तसेच चालू ठेवा. त्यावर आंधळेपणाने विसंबू नका. मागच्या पानावर जाऊन काल नेमकं काय चालू होतं, कोणत्या औषधाचे दिवस संपले, ते बघूनच नवी शीट लिहा.

जिथे हात थांबला पाहिजे

आता माझी एक चूक सांगते. मी विद्यार्थिनी असताना डोळ्यांच्या वॉर्डात माझी ड्युटी लागली. पस्तिशीतली एक बाई होती, उजव्या डोळ्याला आयरायटिस, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा दाह. कागदावर लिहिलं होतं: 'ॲट्रोपिन आयड्रॉप्स, ओडी.' आधीचे तीन महिने मी मेडिसिनमध्ये काढले होते आणि तिथे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. मी सकाळी तिच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. दुपारी ती म्हणाली, "सिस्टर, चांगल्या डोळ्यानं पण जवळचं दिसंना. उजेड टोचतोय." डोळ्यांच्या विभागात ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. डाव्याला ओएस, दोन्हींना ओयू. मी लगेच इन्चार्ज सिस्टरांना जाऊन सांगितलं. ॲट्रोपिनने मोठी झालेली बाहुली पूर्ववत व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढे दिवस ती डावा डोळा पदराने झाकून बसायची. मुलाने शाळेच्या वहीच्या पानावर लिहून पाठवलेली चिठ्ठी तिने माझ्या हातात दिली आणि मी ती तिला वाचून दाखवली. ते पान मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी शिकवते की विभाग बदलला की अक्षरांचा अर्थ बदलतो. आरटी म्हणजे नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब, कॅन्सरच्या विभागात रेडिओथेरपी, आणि एक्सरेच्या कागदावर नुसतं 'उजवा'. एमएस म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, किंवा मॉर्फिन सल्फेट हे वेदनाशामक. सीपी म्हणजे छातीतलं दुखणं, मुलांच्या वॉर्डात सेरेब्रल पाल्सी. बीआयडी ट्रीटमेंट शीटवर दिवसातून दोनदा, कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात मृतावस्थेत आणलेला. संदर्भ लागत नसेल तर अंदाज करू नका. लिहिणाऱ्यालाच विचारा.

दुसरी धोक्याची जागा इन्सुलिन. युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर घाईतल्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा शॉर्टफॉर्मची यादी लागू केली, तिच्यात हे 'यू' होतं. त्याच यादीत शून्याचा नियमही आहे: १ मिग्रॅ लिहिताना १.० लिहू नये, कारण टिंब दिसलं नाही तर १० होतात. आणि अर्धा लिहिताना नुसतं टिंब-पाच न लिहिता ०.५ लिहावं. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहा, मिलिग्रॅम त्याच्या हजारपट असतो.

आपल्याकडे याच्याच जोडीला आणखी एक खोच आहे. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाच्या अंगात २५ युनिट जातात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही मोठ्याने म्हणा, शेजारच्या स्टाफला दाखवा, मगच टोचा.

औषधाचं नाव लागत नसेल तरी हाच नियम. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावं, असं त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमातच घातलं. तेव्हा "सर, एवढं नाव परत लिहून द्या" असं म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. फोनवर ऑर्डर मिळाली तर आधी लिहा, मग लिहिलेलं वाचून दाखवा, होकार घ्या, आणि डॉक्टर वॉर्डात आले की सही घ्या.

आकडे

टीपीआर चार्ट म्हणजे तापमान, नाडी, श्वास. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०, एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९५ च्या वर. पण आकडा लिहून मोकळं होऊ नका. काल ८० असलेली नाडी आज ११० असेल तर ते चार्टवर लिहायच्या आधी तोंडाने सांगायचं असतं. आयओ म्हणजे किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर आलं. लघवी तासाला शरीराच्या दर किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होऊ लागली तर कळवा.

जीसीएस हा शुद्धीचा मोजमाप, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेला. ई डोळे उघडण्याचा, ४ पर्यंत. व्ही बोलण्याचा, ५ पर्यंत. एम हालचालीचा, ६ पर्यंत. सगळे मिळून १५, आणि कमीत कमी ३. शून्य कधीच नसतं. नुसतं 'जीसीएस १०' न लिहिता तिन्ही आकडे वेगळे लिहा, म्हणजे पुढच्या शिफ्टला नेमकं काय घसरलं ते कळेल.

सलाइनचा हिशेब हाताने करता आला पाहिजे. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिलिलिटर (सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं ते बघा). 'एनएस ५०० मिली, ४ तासांत' (एनएस म्हणजे नॉर्मल सलाइन) असेल तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. मुलांच्या मायक्रोड्रिपमध्ये ६० थेंबांचा मिलिलिटर, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब.

रुग्णाची मराठी

हा भाग पुस्तकात नसतो. मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. रुग्ण 'पॅल्पिटेशन' म्हणत नाही, तो म्हणतो "छातीत धडधडतंय" किंवा नुसतं "घाबरं होतंय." 'घाबरं होतंय' या शब्दांत भीती असू शकते, धाप असू शकते, साखर उतरलेली असू शकते, हार्ट अटॅकही असू शकतो. म्हणून ते 'ॲन्क्झायटी' म्हणून लिहून टाकू नका. घाम आहे का, हात गार आहेत का, आडवं झोपवतं का, विचारा.

दुखण्याला तर मराठीत किती शब्द आहेत! कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर उडतो, गळवात असतो. चमक क्षणभर निघते. मुरडा पोटात पिळतो. तिडीक डोक्यात उठते. बाई म्हणाली "पोटात कळा येतायत" आणि दिवस भरले असतील तर घड्याळ लावून दोन कळांमधलं अंतर मोजा. 'पेन इन ॲब्डोमेन' एवढंच लिहिलं तर यातलं सगळं हरवतं, म्हणून नर्सेस नोट्समध्ये रुग्णाचा शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहायची मी सवय लावते. "अंगावरून जातं" म्हणणाऱ्या बाईला पांढरं की लाल, हे पडदा ओढून, हळू आवाजात विचारायचं.

प्रसूतीच्या कागदावर 'जी३ पी१ एल१ ए१' असतं. तिसऱ्यांदा गरोदर, एक बाळंतपण, एक मूल हयात, एक गर्भपात. एलएमपी शेवटच्या पाळीची तारीख. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की ईडीडी, बाळंतपणाची अंदाजे तारीख. म्हणजे १० जूनची पाळी असेल तर १७ मार्च. आता हे बघा: 'जी४ पी३ एल१.' चौथं गरोदरपण, तीन बाळंतपणं, हयात मूल एक. म्हणजे या बाईची दोन मुलं गेली आहेत. एका नव्या मुलीने कागद हातात असूनही सगळ्या खोलीसमोर विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" बाई भिंतीकडे वळली. ती अक्षरं आधी मनात उलगडली असती तर तो प्रश्न तसा विचारलाच गेला नसता.

काही अक्षरं मोठ्याने वाचायचीही नसतात. कागदावर 'कॉक्स' दिसेल, म्हणजे टीबी. रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू शोधला म्हणून. 'हॅन्सन्स' म्हणजे कुष्ठरोग. हे शब्द रुग्णाची लाज राखण्यासाठी रूढ झाले. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांचं भाषांतर करू नका. एचआयव्हीचा रिपोर्ट तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीय आहे. तो वॉर्डात हाक मारून सांगायचा नाही.

वही आणि डिस्चार्ज कार्ड

खिशात मावेल अशी वही ठेवा. रोज वॉर्डात भेटलेले पाचच शॉर्टफॉर्म लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: पूर्ण रूप, मराठी वाक्य, आणि तो कोणत्या आजाराच्या रुग्णाच्या कागदावर दिसला. रुग्णाचं नाव वहीत लिहायचं नाही. तीन महिन्यांत चारशेवर शब्द होतात आणि ते विसरत नाहीत, कारण प्रत्येकामागे एक चेहरा असतो.

आठवड्याच्या शेवटी मी परीक्षा घेते, ती डिस्चार्ज कार्डावर. गेल्या बॅचमधल्या एका मुलीला एका आजोबांचं कार्ड दिलं: 'पँटोप्राझोल ४० ओडी बीबीएफ, मेटफॉर्मिन ५०० बीडी पीसी, पीसीएम ५०० एसओएस.' ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली, तिन्ही स्ट्रिप त्यांच्या पांघरुणावर मांडल्या.

"आजोबा, ही सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, एकच. ही साखरेची, सकाळच्या जेवणानंतर एक आणि रात्रीच्या जेवणानंतर एक. आणि ही ताप आला तरच."

"आणि ताप नाही आला तर?"

"तर घ्यायची नाही."

आजोबांनी तिसरी स्ट्रिप उचलून बंडीच्या खिशात वेगळी ठेवली, उरलेल्या दोन नातवाच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आता मी सांगतो, तू ऐक."